दुसऱ्या काचेच्या पेटीसाठी

उन्हाळ्याच्या सुट्टीत बाया माहेराला जातात, नाहीतर नवऱ्याच्या मागं लागून थंड हवेची ठिकाणं बघतात. मी सासूला आणि माझ्या चौदा महिन्यांच्या सुजातला घेऊन देणगी मागायला गेले. किनवट, नांदेड, लातूर, मुरुड, कधी रेल्वे, कधी एसटी, आठ दिवस. ‘मागायला’ हा शब्द आमच्या बचतगटाच्या अध्यक्षांना आवडला नाही. त्या म्हणाल्या, “मॅडम, निधी-संकलन म्हणा.” मी म्हटलं, हात पसरायचा तो पसरायचाच, त्याला साडी नेसवून काय उपयोग?

परत आल्यावर शाळेतल्या बायांनी विचारलं, काय काय बघितलंस, सांग की. म्हणून हे लिहिते. रागात लिहिते, हेही आधीच सांगून ठेवते. माझे मिस्टर म्हणाले, राग शांत झाल्यावर लिही. तेवढं थांबले तर माझी पेन्शन सुरू होईल.

किनवटच्या पुढं जंगलाच्या कडेला आमचं गाव आहे. नाव लिहीत नाही, कारण दवाखान्यातल्या सिस्टर चांगल्या आहेत आणि बोलणी त्यांनाच बसतील. मी तिथल्या आश्रमशाळेत शिकवते. मागच्या वर्षी मला जुळं होतं. सातवा महिना सरायच्या आत बीपी वाढलं, पाय सुजले, डोळ्यांपुढं अंधारी आली आणि एका पहाटे झटके आले. नांदेडला न्यायची गाडी येईपर्यंत लेकरं थांबली नाहीत. सकाळी आठच्या सुमाराला मुलगा झाला, त्याच्या मागून मुलगी. मी बेशुद्ध होते.

दवाखान्यात कमी दिवसांच्या लेकरांना ठेवायच्या काचेच्या पेट्या दोन. एक चालू. दुसरी तीन वर्षांपासून बंद, आणि नुसती पडून राहण्यापेक्षा म्हणून कुणीतरी तिच्यात जुनी रजिस्टरं भरून ठेवलेली. सिस्टर बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “पेटी एकच चालू आहे. कुणाला ठेवू?” माझ्या मिस्टरांच्या तोंडातून शब्द फुटेना. सासूबाई म्हणाल्या, “पोराला ठेवा.”

मुलगी दिवस मावळायच्या आत गेली. गाडी त्यानंतर आली. मी शुद्धीवर आले ती तिसऱ्या दिवशी, नांदेडच्या खाटेवर. मुलीला मी पाहिलं नाही.

सासूबाईंना आमच्याकडं आत्याबाई म्हणतात. त्या दिवसापासून मी आत्याबाईंशी कामापुरतं बोलायची. मीठ द्या, पोराला घ्या, दार लावून घ्या. मग त्यांना बरोबर का नेलं, असं कुणीही विचारेल. एक तर बंद पेटीचा बिघडलेला भाग आता मिळतच नाही असं कळलं होतं, म्हणजे नवीनच पेटी घ्यायची होती, आणि तेवढे पैसे आमच्या तालुक्यात उभे राहणार नव्हते. आत्याबाईंचा भाऊ लातूरच्या आडत बाजारात हमाल आहे, तिथले शेठ लोक दानधर्म करतात, असा त्याचा निरोप होता. सुजातला धरायलाही कुणीतरी हवं होतं. आणि खरं सांगायचं तर, त्यांनीही माझ्याबरोबर दारोदार उभं राहावं असं मला वाटत होतं.

किनवट

स्टेशनला जाण्याआधी तहसीलसमोर मंडप दिसला. ‘जिल्हा झालाच पाहिजे’ असा फलक, खाली गाद्या, गाद्यांवर दहा-बारा माणसं. साखळी उपोषण होतं, म्हणजे आज उपाशी बसलेला उद्या जेवतो. म्हटलं, सुरुवात इथूनच करावी.

पुढाऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. मग पहिला प्रश्न विचारला, “काय वाचलं मॅडम? मुलगा का मुलगी?”

“मुलगा.”

“मग बरं झालं,” तो म्हणाला. शेजारच्या दोघांनीही माना हलवल्या. हे ‘बरं झालं’ मी पुढचे आठ दिवस ऐकलं. माणूस वाईट असता तर मी त्याला तिथंच धुतला असता, पण तो बिचारा माझं सांत्वन करत होता.

“पण मॅडम, तुम्ही फांद्या काय तोडून राहिल्या? मुळावर घाव घाला ना. नांदेड पडते इथून दीडशे किलोमीटर. जिल्हा झाला की सिव्हिल येते. सिव्हिल आलं की पेट्याच पेट्या.”

“जिल्हा कधी होणार?”

“ते सरकारच्या हाती हाय.”

“लेकरं सरकारला विचारून होत नाहीत,” मी म्हटलं आणि पावतीपुस्तक उघडलं. पुढारी हसला. त्यानं खिशाला हात लावला नाही, लेटरहेडला लावला. समितीचा शिक्का मारून मला पाठिंब्याचं पत्र दिलं. मी ते घेतलं, कारण सुजातला वारा घालायला काहीतरी लागणारच होतं.

गाडीतून जंगल बघवत नव्हतं. सागाला पान नाही, पळसाला पान नाही, पैनगंगेच्या पात्रात ट्रॅक्टर उभे. आमच्याकडं जंगल आहे म्हणून दुष्काळ आमच्यापर्यंत येत नाही, असं मी मुलांना वर्गात शिकवत होते. मुलं मुकाट्यानं लिहून घेत होती आणि घरी जाऊन झऱ्यात वाटी बुडवून हंडा भरत होती.

नांदेड

नांदेडला दोन दिवस राहिलो. मिस्टरांच्या ओळखीची कचेऱ्यांतली माणसं, त्यांच्या सोसायट्या, दोन-तीन दुकानं. कुणी दिलं, कुणी उद्या या म्हणालं. एका बाईंनी तर पैसे देण्याआधी सुजातचा पेटीतला फोटो मागितला, नळ्या लावलेला असला तर चांगला म्हणाल्या. असला फोटो असता तरी मी दिला नसता. त्यांचेही पैसे राहिले.

एकच गोष्ट चांगली घडली ती जेवणाची. दुपारी गुरुद्वाऱ्यात लंगरला बसलो. पंगतीत डाव्या बाजूला ट्रकवाला, उजव्या बाजूला बांगड्या विकणारी म्हातारी. वाढणारा आला, दोन्ही हातांवर पोळी ठेवली, डाळ घातली, पुढं गेला. आडनाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, काय वाचलं हेही नाही. सुजातनं डाळ अंगावर सांडली, तर एका सरदारजींनी आपल्या पंच्यानं त्याचं पोट पुसलं. मला तिथं रडू आलं आणि त्याचाही राग आला. आत्याबाईंनी दुसरी पोळी नको म्हटली.

“का? भूक नाही?”

“भूक हाय. मागून पानी लागतं. भावाच्या घरी जायलाव आपन, तितं पानी किती मागायचं?”

आमच्याकडं पाहुण्याला आधी तांब्या देतात, मग बोलतात. त्या उन्हाळ्यात पाहुणाच तांब्याला भीत होता.

रस्ता

नांदेडहून लातूरची एसटी पकडली. अहमदपूरच्या अलीकडं टायर बसलं. जाग्यावर उभी गाडी म्हणजे तापलेला तवा, सुजातला उलटी झाली, ती त्याच्या अंगावर, माझ्या अंगावर आणि पुढच्या सीटवरच्या धोतरवाल्या आजोबांच्या टोपीवर. आजोबांनी टोपी काढून झटकली आणि खिशात ठेवली.

खाली उतरलो तर रस्त्याकडेला टँकरची वाट बघत भांड्यांची रांग लागलेली. घागरी, कळश्या, रंगाचे डबे, निळे ड्रम. प्रत्येकावर ऑइलपेंटनं नाव घातलेलं आणि ड्रमच्या झाकणांना कुलपं. लग्नातल्या भांड्यांवर नावं घालायची आमची पद्धत जुनी आहे, पण पाण्याला कुलूप मी पहिल्यांदा बघितलं.

रांगेत एक बाई आणि तिच्या तीन मुली होत्या. तिनं माझ्याकडं बघितलं, लेकराकडं बघितलं आणि काही न विचारता आपल्या घागरीतलं तळाचं पाणी ओंजळीत ओतलं. सुजातचं तोंड धुतलं, माझा पदर धुतला. मी पैसे द्यायला लागले तर म्हणाली, “पान्याचे पैशे घेत असतेत का?”

तिची धाकटी सहा-सात वर्षांची असेल. काखेत कळशी. भरल्यावर ही ती कशी नेणार, असं मी विचारलं.

“नेती की. रोज नेती. लहान हाय, पर पोरीची जात चिवट.” तिनं त्या पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला. कौतुकानंच म्हणाली ती. पोरगीही हसली. मला ते वाक्य तेव्हा नुसतं ऐकू आलं.

लातूर

मामांच्या, म्हणजे आत्याबाईंच्या भावाच्या, घरी पोचलो तर मामींनी दारातच विचारलं, “आंघोळी करून आलाव ना?” कुठल्याही दुसऱ्या वर्षी हा अपमान झाला असता. नळाला पाणी येऊन तीन आठवडे झाले होते. जेवायला ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि हुलग्याचं पातळ माडगं, तेही कागदी ताटल्या-द्रोणांत. “भांडे घासायचे कशानं?” मामी म्हणाल्या. हात ओल्या फडक्याला पुसायचे आणि ते फडकं दिवसभर चालवायचं. चटणी मात्र अशी होती की मी दोनदा मागून घेतली, आणि मग आत्याबाईंचं बोलणं आठवून पाणी मागितलं नाही. जीभ तासभर पेटलेली होती.

आडत बाजारात दुसऱ्या दिवशी गेलो. मोठं पटांगण, आवक जवळजवळ नाही, पोत्यांच्या थप्प्यांवर कुत्री झोपलेली. सांडलेलं धान्य झाडून नेणाऱ्या बाया नुसती माती पाखडत बसल्या होत्या. मामांनी शेठची ओळख करून दिली. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, आवाज मऊ. “शरणार्थ, या, बसा,” म्हणाले, पंखा आमच्याकडं वळवला. आडनाव विचारलं. मी सांगितलं. मग गाव विचारलं, मग मिस्टरांची नोकरी. विचारण्याची ही चढण मला पाठ आहे.

चहा कागदी कपात आला. आमच्या आडनावामुळं, असं मला वाटलं आणि कानशिलं तापली. मग बघितलं तर शेठच्या हातातही कागदी कप, मुनीमाच्याही. भांडी धुवायला पाणीच नव्हतं. जे इतक्या पिढ्यांत जमलं नाही ते दुष्काळानं एका उन्हाळ्यात करून दाखवलं.

शेठनी सगळं शांतपणे ऐकलं. शेवटी सुजातच्या गालाला बोट लावून म्हणाले, “ह्यो वाचला?”

“हो.”

“बरं झालं. महादेवाची कृपा.”

मी आत्याबाईंकडं बघितलं. त्या जमिनीकडं बघत होत्या.

मी जिल्ह्याची गोष्ट काढली, किनवटचं उपोषण सांगितलं. शेठ हसले. “आमचा लातूर जिल्हा झाला तवा आमी पेढे वाटले. कालेज आले, दवाखाने आले, इमारती झाल्या. पानी हुतं तेवढं गेलं. जिल्हा झाल्यानं नळाला पानी येत न्हाई, ताई. त्यान्ला सांगा.” मग मुनीमाला हाक मारली आणि शेजारच्या चार दुकानांत निरोप धाडला. अर्ध्या तासात पाच दुकानांचे पाच मालक गादीवर बसले, दोन वाक्यं बोलले आणि ठरलं. पेटी अख्खी, नवीकोरी, धर्मादायातून.

धर्मादाय म्हणजे काय ते मला मामांनी नंतर सांगितलं. माल विकायला आलेल्या शेतकऱ्याच्या पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या हिशेबातून, आडत, हमाली, तोलाई कापतात, तसाच दानधर्माचाही थोडा भाग कापायचा, असा इथला जुना रिवाज आहे. “घाम त्यायचा, पुन्य ह्यांचं,” मामा म्हणाले. पण त्या क्षणी मला कुणाचंच पुण्य मोजायचं नव्हतं. पेटी मिळाली होती.

“एक हाय,” शेठ म्हणाले. “नावं घालू. आमच्या वडलांच्या स्मरनार्थ. पाचीजनांच्या.”

“घाला की,” मी म्हटलं. देवळातल्या पंख्याच्या तीन पात्यांवर तीन नावं मी लहानपणापासून वाचत आले. कोण गेलेत ते पंखा फिरायचा थांबल्याशिवाय कळत नाही. पेटीवर नाव असलं तर बिघडलं कुठं? कुठं घालणार, केवढं घालणार, हे मी विचारलं नाही. शाळेतल्या बाईला एवढं सुचायला पाहिजे होतं. ही चूक माझी, ती कुणाच्या माथी मारत नाही.

मुनीम कागदावर नावं उतरवून घेत होता. लिंगैक्य अमुक, लिंगैक्य तमुक, एक कैलासवासी. आमच्यात कालकथित लिहितात. मेल्यावरही माणूस आपल्या आपल्या रांगेतच उभा राहतो. लिहून झाल्यावर शेठ माझ्याकडं वळले आणि फार हळू म्हणाले, “तुमच्या लेकीचं बी घालू एका बाजूला. काय नाव?”

माझ्याकडं नाव नव्हतं. दवाखान्याच्या रजिस्टरात ‘जुळे, दोन’ एवढंच लिहिलेलं आहे. नाव ठेवायच्या आधी ती गेली, आणि नंतर ठेवावं असं माझ्या मनातही आलं नाही. त्या भल्या माणसाचा मला इतका राग आला की मी नुसतं “नको” म्हणून उठले.

मुरुड

मुरुडला आत्याबाईंचं माहेर. लातूरपासून तासाभराचा रस्ता. पेटीचं झालं होतं, पण आमच्याकडं वीज जाते तेव्हा तासन्‌तास जाते, त्यासाठी इन्व्हर्टर लागणार होता. म्हणून मुरुडच्या पेठेतही फिरलो. मोठं गाव, कपड्याची, लोखंडाची दुकानं एकाला एक लागून, गिऱ्हाईक कुठंच नाही. रिकामे बसलेले दुकानदार बोलायला उत्सुक होते आणि द्यायलाही. एका भांड्यांच्या दुकानदारानं स्टीलची पातेली देऊ केली, नाव घालून. दुपारपर्यंत “काय वाचलं” आणि “बरं झालं” इतक्यांदा झालं की एका दुकानात मी म्हटलं, “बरं काय झालं हो त्यात?” दुकानदार गोंधळला. त्यानं घाईनं पावतीवर सही केली आणि आत गेला.

बाहेर येऊन आम्ही लिंबाच्या पारावर बसलो. सुजात आत्याबाईंच्या मांडीवर झोपला होता. आणि मग चौदा महिने जे मी बोलले नव्हते ते बोलले. मोठ्यानं बोलले. समोरचा पानवाला ऐकत होता, त्याची पर्वा केली नाही.

“सगळ्या जगाला बरं झालंय. तुम्हालाही झालं असेल. तुम्हीच सांगितलं ना, पोराला ठेवा म्हणून. नातू पाहिजे होता, मिळाला. आता बसा घेऊन.”

आत्याबाईंनी सुजातच्या तोंडावरची माशी हाकलली. मग म्हणाल्या, “पोरगा मनून न्हाई सांगितलं मी.”

“मग?”

“त्ये लेकरू निळं पडलं हुतं. आवाज न्हाई. पोरगी लई रडत हुती, भायेरपातुर ऐकू यायलतं. मला वाटलं, ह्ये न्हाई टिकायचं पेटीबिगर. ती टिकंल. पोरीची जात चिवट.”

मला अहमदपूरच्या रांगेतली कळशीवाली पोरगी दिसली.

“मग शिश्टरकडून घेतलं तिला,” आत्याबाई म्हणाल्या. “चोळीची बटनं काडली, उघड्या छातीला लावलं, वरून पदर, वरून गोधडी. भित्तीला टेकून बसले. दिवसभर हालले न्हाई. पानी प्याले न्हाई, लघवीला गेले न्हाई. ऊन खाली आलं तवा रडायची थांबली. मला वाटलं, झोपली.”

“नाव ठेवलं होतं का काही? मनात?”

“नाव कशाचं? लेकरा, लेकरा, मनत बसले.”

इथं वाचणाऱ्याला वाटेल की मी त्यांच्या गळ्यात पडले आणि सगळं मिटलं. नाही मिटलं. उलट राग आणखी वाढला, फक्त आता तो कुठं ठेवावा ते कळेना. इतके दिवस निदान जागा तरी ठरलेली होती. पोरगा हवा म्हणून केलं असतं तर मी त्यांना जन्मभर दोष दिला असता आणि सुखानं दिला असता. हे तर कौतुक होतं. पोरीची जात चिवट, म्हणून तिला दूध नंतर, डॉक्टर नंतर, कळशी आधी. माझ्या आईनं मला हेच म्हटलंय. सहाव्या महिन्यात पाय सुजले तेव्हा मीही स्वतःला हेच म्हटलं आणि शाळेत जात राहिले. वर्गातल्या मुलींना ताप आला की मी काय म्हणते, तेही आठवलं. आणि या सगळ्याच्या मुळाशी एक बंद पेटी, रजिस्टरांनी भरलेली. कुणाला ठेवू, असं विचारायची वेळच का यावी माणसावर? आत्याबाईंना उत्तर द्यावं लागलं, माझे मिस्टर आणि सगळा दवाखाना गप्प राहिला म्हणून.

पानवाल्यानं पेलाभर पाणी आणून पारावर ठेवलं आणि परत गेला. आत्याबाईंनी ते माझ्याकडं सरकवलं. मी अर्धं प्यायले आणि अर्धं त्यांच्याकडं सरकवलं. त्या दिवशी आमच्यात एवढंच झालं.

गाव

परतीचा प्रवास सांगण्यासारखा नाही. आम्ही घरी आलो, आणि दोन आठवड्यांनी टेम्पोतून पेटी आली, कापडात गुंडाळलेली, उद्घाटनाच्या दिवशीच. सकाळी दहाला उद्घाटन होतं. दवाखान्यापुढं मंडप, नारळ, हार, किनवटहून आलेले समितीवाले. पाठिंब्याच्या पत्राच्या जोरावर त्यांनी स्वतःचा फलक लावला होता. पुढाऱ्यानं फीत कापली आणि जिल्हा का झाला पाहिजे यावर अर्धा तास भाषण केलं. आत बंद पेटीतली रजिस्टरं तशीच होती.

भाषण चालू असतानाच बाळंतपणाच्या खोलीतून रडण्याचा आवाज आला. थोड्या वेळानं सिस्टर टॉवेलात गुंडाळलेलं लेकरू घेऊन आल्या. आठव्या महिन्यातलं, तळहाताएवढं तोंड. जुन्या चालू पेटीत आधीच एक लेकरू होतं. पण नवी पेटी रिकामी होती. सिस्टरनी पेटीवरचा हार आणि कापड काढलं आणि तिथंच थबकल्या.

मीही तेव्हाच जवळून बघितलं. पाच दुकानं, पाच वडील. चार बाजूंच्या काचेवर चार आणि वरच्या झाकणावर पाचवे. लाल ऑइलपेंट, पिवळी किनार, वीतभर अक्षरं. ‘यांच्या स्मरणार्थ’ प्रत्येक ठिकाणी. ज्याला जगवायचं त्याच्या तोंडावर पाच मेलेल्यांची नावं, आणि त्यांच्या मधल्या फटीत समितीचा स्टिकर.

“मॅडम, यातून लेकराचा रंग दिसणार नाही,” सिस्टर हळूच म्हणाल्या. “पिवळं पडलं, निळं पडलं, लांबून कसं कळणार?”

मी काही बोलायच्या आत आत्याबाई पुढं आल्या. त्यांना वाचता येत नाही. “काय लिवलंय ग?”

मी पाचही नावं वाचून दाखवली. त्यांनी काचेला नाक लावून आत बघायचा प्रयत्न केला. मग सिस्टरना म्हणाल्या, “कापूस आन्‌ त्ये सुई टोचायच्या आदी लावता ते औशद द्या.” स्पिरिटचा बोळा हातात आला तशा त्या घासायला लागल्या. रंग ताजा होता, लाल पाणी काचेवरून खाली यायला लागलं. पहिलं गेलं ते ‘लिंगैक्य’.

“आजी, आजी,” पुढारी धावत आला. “देनगीदारायचं नाव हाय ते. मोठे लोक हायेत. काय करून राहिल्या?”

“खाली पेटीच्या गाड्याला लिवा. चाकापाशी. तोंडावर न्हाई.”

मी दुसरा बोळा घेतला आणि दुसऱ्या बाजूनं सुरुवात केली. लातूरच्या शेठना काय तोंड दाखवायचं, हा विचार आला. त्यांना पत्र लिहायचं, खरं तेच लिहायचं, असं ठरवलं. नंतर लिहिलंही. उत्तर अजून आलेलं नाही. स्टिकर मात्र नखांनी काढावा लागला, तो मी फार समाधानानं काढला. मिस्टर दाराशी उभे होते. ते आत आले, त्यांनीही बाही वर सारली आणि झाकणाला हात घातला. तोंडातून शब्द काढला नाही, पण या वेळी निदान हात तरी चालला.

पुढारी आमच्याकडं, घड्याळाकडं आणि सिस्टरच्या हातातल्या टॉवेलाकडं बघत उभा राहिला. मंडपातले लोक दाराशी जमले होते. काहीतरी बोलायलाच हवं असं त्याला वाटलं असावं.

“एवढी घाई कोनासाठी? काय झालंय? पोरगा का पोरगी?”

सिस्टरनी तोंड उघडलं. आत्याबाईंनी मागं न वळता हात वर करून त्यांना थांबवलं.

“लेकरू हाय,” त्या म्हणाल्या, आणि उरलेली काच घासायला लागल्या.